मनगटावर दुसऱ्याचं घड्याळ

गाडीत बसण्याआधी मास्तर पाहुण्यापुढे उजवा तळवा पसरत आणि म्हणत, "घड्याळ."

पाहुणा दचकायचाच. विमानातून नुकता उतरलेला, मुलूख परका, समोर खाकी कोटातला एक काटकुळा म्हातारा, आणि पहिली मागणी घड्याळाची. काही जण खिसे चाचपत. काही माझ्याकडे बघत, कारण गाडीला टेकून मी उभा असे, आणि माझा चेहरा बघून कोणाला धीर येईल असा तो नाही. मास्तर तळवा तसाच धरून ठेवत. मग मिशनच्या शाळेत शिकलेल्या इंग्रजीत सांगत की तुमचं दुसरं विमान सुटायला थोडेच तास आहेत, ते तुम्ही बघण्यात घालवा, मोजायचं काम माझं. घड्याळ हातात पडलं की ते कोटाच्या बाहीवरून बांधत, दोनदा थोपटत आणि मराठीत, आपल्याशीच बोलावं तसं म्हणत, "वेळ आहे. भरपूर वेळ आहे."

त्या वर्षांत तुम्ही अंधेरीकडे राहत असाल तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. महाकालीच्या लेण्यांपाशी, पवईच्या तलावावर, खारदांड्याच्या वाळत घातलेल्या बोंबलांमधून एखाद्या गोऱ्या मडमेला वाट काढून देताना. नवरा-बायको असले तर मास्तरांच्या दोन्ही हातांवर एकेक घड्याळ असे. पोरं हसत. मास्तर हसत नसत, दोन्ही मनगटं आलटून पालटून बघत.

त्यांचं नाव मी इथे घालत नाही. त्यांना ते आवडलं नसतं. मास्तर म्हणायचे ते शिक्षक होते म्हणून नव्हे. तरुणपणी लग्नांत कॉर्नेट वाजवत, बँडचे मास्तर, तेच पुढे चिकटलं. मरोळच्या बाजूच्या एका गावठाणातले ते जुने ख्रिस्ती शेतकरी. भात लावायचे, रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये जायचे, आणि उरलेल्या दिवसांत विमान बदलायला थांबलेल्या लोकांना मुंबई दाखवायचे.

माझी त्यांची पहिली भेट भांडणाने झाली. मी कोकणातून आलो तेव्हा गॅरेजात दुसऱ्यांच्या गाड्या धूत होतो, आणि घासाघीस करत करत एक दिवस स्वतःच्या गाडीपर्यंत पोचलो. ती गाडी चार हातांतून आलेली, दारं दोरीने बांधलेली, पण माझी. जगात सांगितल्या भावाने कोणतीही गोष्ट घेणारा माणूस मूर्ख असतो असं माझं मत होतं, अजून आहे. मास्तरांनी गाडी ठरवायला येऊन भाडं विचारलं, मी दुपटीने सांगितलं, आणि ते "बरं" म्हणाले. मला संताप आला. मी म्हटलं, "अहो, तुम्ही काही बोलणार नाही?" ते म्हणाले, "तुला तेवढे लागत असतील म्हणून तू सांगितलेस ना?" अशा माणसाशी करायचं काय? दुसऱ्या दिवसापासून मी आपण होऊन योग्य भाडं सांगू लागलो, आणि त्याचा राग मनात धरून राहिलो.

माझी त्यांच्याबद्दल एक तक्रार आहे. ती भाड्याची नाही. ती येईल पुढे.

घड्याळांची त्यांची एक रीत होती. पाहुण्याचं घड्याळ बहुधा मागल्या मुलखाच्या वेळेवर चालत असे. मास्तर आधी विचारत, कुठून आलात? मग ओठ हलवत मनातल्या मनात मिळवणी करत. कैरोचा माणूस असला तर इतके तास मिळवायचे, एडनचा असला तर अडीच. एडनचे बरेच येत, त्यामुळे अडीच त्यांच्या जिभेवरच असे. मी एकदा म्हटलं, मास्तर, ही कटकट कशाला, काटे फिरवून आपली वेळ लावून घ्या की. ते गंभीर झाले. "दुसऱ्याच्या घड्याळाचा काटा आपण फिरवायचा नाही, पोरा. तो माणूस घरची वेळ सोबत घेऊन आलेला असतो."

त्यांच्या मिळवणीत चूक होत नसे. एकाही पाहुण्याचं विमान त्यांनी चुकू दिलं नाही.

घड्याळ द्यायला नकार देणारा एक कापडाचा व्यापारी मला आठवतो. कान्हेरीपर्यंत नेलं, पायऱ्या चढवल्या, मास्तर दगडातल्या पाण्याच्या टाक्या दाखवतायत आणि हा मनगट बघतोय. परत सोडल्यावर मास्तर म्हणाले, "हा घड्याळ बघून गेला. त्याचं घड्याळ छान होतं."

आणि दुसरी रीत शेवटच्या जागेची. लेणी, तलाव, कोळीवाडा हे सगळ्यांना सारखंच. पण शेवटची जागा मास्तर राखून ठेवत आणि ती प्रत्येकाची वेगळी असे. वाटेत ते माणसाला निरखत आणि शेवटी त्याला जिथे न्यायचं तिथे नेत. कुठे जाणार हे मलाही सांगत नसत. "डावीकडे घे, पोरा," एवढंच. एकदा हॉलंडचा एक म्हातारा शेतकरी होता. मुलाकडे ऑस्ट्रेलियात कायमचा राहायला चाललेला, लेण्यांत जांभया देत होता. मास्तरांनी त्याला मरोळच्या भातखाचरात नेलं. लावणी चालली होती. म्हाताऱ्याने न विचारता बूट-मोजे काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलात उतरला. बराच वेळ नुसता उभा राहिला. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. गाडीत बसला तेव्हा पाय धुवायला तयार नव्हता. माझ्या गाडीचा गालिचा खराब झाला, मी कुरकुरलो. मास्तर म्हणाले, "त्याला विमानात आठवायला काहीतरी नको का?"

मी विचारलं, शेवटची जागा शेवटीच का? आधी नेलं तर काय बिघडलं? म्हणाले, तिथे गेल्यावर माणसाला पुढचं काही दिसत नाही.

मास्तरांना एकच मुलगी. तिचा नवरा एडनच्या बंदरात एका कचेरीत कारकून होता, म्हणून ती तिकडे. निरोप देताना मास्तरांनी आपल्या हातावरचं घड्याळ तिच्या हातावर बांधलं होतं. बँडच्या दिवसांत कुठल्याशा शेटने लग्नात खूश होऊन दिलेलं, पुरुषी, जाडजूड घड्याळ. त्या दिवसापासून त्यांनी स्वतःला घड्याळ घेतलं नाही. पाहुण्यांची होतीच.

मग मास्तरांची बायको गेली. तापाने, चार दिवसांत. मुलीला तार गेली, पण तिचे दिवस भरत आले होते, तिला प्रवास शक्य नव्हता. मास्तरांनी एकट्याने माती दिली. पुढे ते मूलही राहिलं नाही. मास्तर माझ्याशी यातलं काही बोलले नाहीत. गावठाणातल्या लोकांकडून मला कळलं. ते फक्त एकदा पवईच्या बांधावर पाहुणे फोटो काढत असताना म्हणाले, "बाय आईला बघायला येईल. आली की शांत होईल." बाय म्हणजे मुलगी. आईला बघायला म्हणजे कबरीला.

वर्ष-दीड वर्षाने निरोप आला की नवऱ्याची बदली सिंगापूरला झाली आहे. तो पुढे बोटीने गेला आहे आणि ती विमानाने येते आहे. मुंबईत सकाळी उतरणार आणि संध्याकाळी दुसऱ्या विमानाने पुढे जाणार. राहता येणार नाही. चार वाजता आत हजर व्हायचं.

मास्तर माझ्याकडे आले ते कडक इस्त्रीचा कोट घालून. म्हणाले, "पोरा, उद्या एडनची एक पाहुणी आहे. भाडं सांग." मी त्यांना शिवी दिली. छोटीशी, प्रेमाची. ते हसले. मी त्यांना हसताना फारसं पाहिलेलं नाही.

त्यांनी त्या थोड्या तासांची आखणी जन्मभराच्या कसबाने केली होती. आधी घर. मग शेजारच्या म्हाताऱ्यांना भेटणं, कारण म्हातारे पुढच्या खेपेला नसतात. मग जेवण. आणि शेवटची जागा कबरस्तान. त्यांनी कबरीला स्वतः चुना लावला होता, क्रूस धुतला होता, आजूबाजूचं गवत काढलं होतं. मी म्हटलं, मास्तर, ती त्यासाठीच येतेय, आधी तिथेच नेऊ. विमानतळावरून वाटेतच आहे. ते म्हणाले, "आधी जेवू दे रे. रडलेल्या माणसाला जेवण जात नाही. पोरगी किती वर्षांनी घरचं खाणार."

तर्क चांगला होता. मी कबूल केला. घासाघिशीत समोरच्याचा मुद्दा बरोबर असला की गप्प बसावं, हे मला कळतं.

श्रावणातला दिवस होता. सकाळपासून झिमझिम, आभाळ राखेच्या रंगाचं, उजेड सकाळी जेवढा तेवढाच दुपारी. ती बाहेर आली तेव्हा मी तिला प्रथम पाहिलं. बापासारखीच काटकुळी. मास्तरांनी तिला जवळ घेतलं नाही. समोर उभे राहिले, तळवा पसरला आणि म्हणाले, "घड्याळ."

ती रडता रडता हसली. मनगटावरचं ते जाडजूड घड्याळ सोडून तिने त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते बाहीवरून बांधलं, दोनदा थोपटलं. "आयलीस गो बाय. वेळ आहे. भरपूर वेळ आहे."

घरी पोचल्यावरचं मी दारातून पाहिलं, कारण मला आत बोलावलं तरी मी पडवीतच बसलो. घरात माणसं मावत नव्हती. म्हाताऱ्या तिच्या गालांवरून हात फिरवत होत्या. कोणी मेलेल्या मुलाचं विचारलं, ती बोलली, सगळ्या रडल्या, मग कोणी काहीतरी जुनं काढलं आणि सगळ्या हसल्या. मास्तर या सगळ्यांच्या मधून ताटं घेऊन फिरत होते. मटण होतं, तांदळाच्या भाकऱ्या होत्या, मैद्याचे फुगे तळले होते. पोरीने हात चाटून खाल्लं. तिच्या पिशवीत मेणबत्त्या होत्या, एडनहून आणलेल्या, रुमालात गुंडाळलेल्या. जेवताना ती पिशवी तिने मांडीवरून खाली ठेवली नाही.

तिने हात धुतले आणि म्हणाली, "पपा, आता आईकडे."

मास्तरांनी मनगट बघितलं. ओठ हलले. त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"चार वाजले," ते म्हणाले.

मी उठून उभा राहिलो. म्हटलं, "मास्तर, काहीतरीच काय. आत्ता तर आलो आपण."

"चार वाजले. ऊठ, गाडी काढ."

मी म्हटलं चार वाजणं शक्य नाही, कारखान्याचा दुपारचा भोंगा अजून झाला नाही. ते म्हणाले पावसात भोंगा ऐकू येत नाही. माझ्या हाताला तेव्हा घड्याळ नव्हतं, मी म्हटलं नाक्यावर इराण्याकडे घड्याळ आहे, धावत जाऊन बघून येतो. ते म्हणाले धावत जाऊन यायलाही वेळ नाही. तोवर त्यांनी तिची बॅग उचलली होती. मी आवाज चढवला. शेजाऱ्यांसमोर, त्यांच्या पोरीसमोर चढवला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि जे म्हणाले ते मला अजून ऐकू येतं.

"पोरा, सुखात वेळ असाच जातो. तुला पोर झाली की कळेल."

मी गाडी काढली.

गाडी कबरस्तानाच्या फाट्याशी आली. ती पुढे वाकून म्हणाली, "पपा, दोन मिनिटं. मी उतरणारही नाही, नुसती दारात." मी गाडी हळू केली. मास्तर म्हणाले, "कोणाचं विमान मी चुकवलं नाही. तुझं चुकवू? नवरा तिथे परक्या बंदरावर वाट बघत उभा राहील. सरळ घे रे." ती मागे टेकून बसली. लहानपणापासून तिने हेच ऐकलेलं, पपांची वेळ चुकत नाही. मी सरळ घेतली. डावीकडे भिंतीवरून क्रूसांची टोकं दिसली आणि गेली.

विमानतळावर मास्तरांनी तिला जवळजवळ ढकलतच आत नेलं. खिडकीवरच्या माणसाने कागद घेतले, शिक्के मारले, ती कठड्यापलीकडे गेली. तेव्हा मी वर भिंतीकडे पाहिलं. तिथे मोठं घड्याळ होतं. दोन वाजायला आले होते.

मास्तरांनीही पाहिलं. मग मनगट पाहिलं. मग पुन्हा भिंत. दोन्ही घड्याळांत एकच वेळ होती.

पलीकडून तिला काही कळेना. मग कळलं. ती कठड्याला धरून म्हणाली, "पपा, मी काटे फिरवलेच नाहीत. एडनला गेल्यापासून हात लावला नाही. घड्याळ तुमचं होतं ना. मी बघायची, आता पपा चहा पीत असतील, आता देवळात निघाले असतील."

मास्तरांचे ओठ हलत होते. एडन, अडीच. एडन, अडीच.

मी त्या खिडकीवर गेलो. आयुष्यात जे काही मिळवलं ते मी तोंडाच्या जोरावर मिळवलं आहे, आणि त्या दिवशी मी माझ्या तोंडाला काहीही राखून ठेवू दिलं नाही. अर्धा तास मागितला. नाही म्हटल्यावर वीस मिनिटं. मग दहा. मग म्हटलं तुमचा शिपाई बरोबर द्या, तो तिचा हात धरून बसू दे, गाडी थांबवणारही नाही, भिंतीवरून दाखवतो आणि आणतो. तो अधिकारी वाईट माणूस नव्हता, हेच वाईट होतं. वाईट माणसाला किंमत असते. तो शांतपणे म्हणाला, "शिक्का बसला की प्रवासी देशाबाहेर गेला. बाई आता इथे नाहीत."

"समोर उभ्या आहेत की," मी म्हटलं.

"दिसतायत," तो म्हणाला. "पण इथे नाहीत."

मी टेबलावर मूठ आपटली. शिपाई आला. मास्तरांनीच मला दंडाला धरून मागे ओढलं. "राहू दे, पोरा. चूक त्याची नाही."

तिने मग रुमालातल्या मेणबत्त्या कठड्यावरून माझ्याकडे दिल्या. बापाकडे नाही, माझ्याकडे. बापाला तिथून हलवणं शक्य नव्हतं, हे तिला दिसत होतं. मी गेलो. कबर शोधावी लागली नाही, साऱ्या कबरस्तानात तेवढीच पांढरीशुभ्र होती. झिमझिम चालूच होती. मी हिंदू माणूस, मला त्यांची रीत माहीत नाही. मी मेणबत्त्या क्रूसाच्या पायाशी उभ्या केल्या आणि पेटवल्या, वर दोन्ही हातांची ओंजळ उलटी धरली. हात होते तोवर जळल्या. हात काढले की विझत. मी पुन्हा पेटवी. काडेपेटी भिजली तेव्हा परत आलो.

"लागल्या?" तिने विचारलं.

"लागल्या," मी म्हटलं. खरंच होतं ते.

चार वाजेपर्यंत बापलेक कठड्याच्या दोन बाजूंना उभे होते. एवढा वेळ त्यांना दिवसभरात मिळाला नव्हता, आणि बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिने दोनदा म्हटलं, पपा, बसा कुठेतरी. ते बसले नाहीत. शेवटी त्यांनी घड्याळ सोडून पुन्हा तिच्या हातावर बांधलं. ती म्हणाली तुम्ही ठेवा. त्यांनी मान हलवली. तिला आत बोलावलं तेव्हा भिंतीवर आणि तिच्या मनगटावर खरोखरचे चार वाजले होते.

त्यानंतर मास्तर कामाला येत, पण कोणापुढे तळवा पसरत नसत. पाहुणे स्वतःच्या मनगटाकडे बघत हिंडत आणि वेळेच्या कितीतरी आधी परत जाऊ म्हणत. मास्तर हो म्हणत. शेवटची जागा उरली नाही. मी एकदा मुद्दाम म्हटलं, मास्तर, हा म्हातारा शेतकरी दिसतो, खाचरात नेऊ या. ते म्हणाले, "नको. उशीर होईल." पुढे लोक त्यांना बोलावेनासे झाले. कबरस्तानात ते कधी गेले नाहीत. मुलगी येईल तेव्हाच, म्हणत. चुना पावसाने गेला, गवत परत वाढलं. मुलगी आली नाही. येणं सोपं नव्हतं, आणि एकदा येऊन तिने पाहिलंच होतं.

माझी तक्रार ती ही. त्यांनी माझं ऐकलं नाही. इराण्याच्या घड्याळापर्यंत मला धावत जाऊ दिलं असतं तर पुरे होतं. साऱ्या जन्मात मी जिंकायलाच हवा असा एकच वाद होता आणि तो त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून जिंकला. मुद्दा माझा बरोबर होता. त्याचा कोणाला काय उपयोग झाला ते तुम्हीच सांगा.

शेवटी ते खाटेला खिळले. मी भाडी सोडून दुपारी जाऊन बसत असे. त्यांना बाकी काही नको असे. अधूनमधून डोळे उघडून विचारत, "किती वाजले रे?"

मी माझ्या मनगटाकडे बघून सांगे. त्यांचे ओठ हलत. सुरुवातीला मला वाटलं प्रार्थना करतायत. मग लक्षात आलं, हिशेब चाललाय. पण आता ते मिळवत नव्हते.

एकदा मी म्हटलं, "चार वाजले, मास्तर."

ओठ हलले. "म्हणजे दीड," ते म्हणाले, आणि पलंगाखाली पायाने चपला चाचपू लागले. "बायला हाक मार. जेवली असेल ती. वेळ आहे. भरपूर वेळ आहे."

मी उठलो, दारापर्यंत गेलो आणि पडवीत तोंड करून हाक मारली.